थॅड पेटवेची शुक्रवारची खुर्ची

मित्रांनो, माझ्यावर बसले की माणसाचे डोळे आपोआप मिटतात. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल चेहऱ्यावर येतो, कात्रीची किणकिण कानाशी सुरू होते आणि भलाभला माणूस लहान मुलासारखा मान टेकून देतो. मी न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची आहे. आता फार जुनी झाले आहे.

माझा जन्म अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका ओतशाळेत झाला. तिथले मला फारसे काही आठवत नाही. वितळलेल्या लोखंडाचा तांबडा उजेड आठवतो, आणि माझ्या पाठीला गडद लाल कातडे ठोकणाऱ्या एका माणसाचे गुणगुणणे आठवते. माझ्या पोटात तेल आहे आणि बाजूला दांडा आहे. दांडा खालीवर केला की मी बसलेल्या माणसाला अलगद वर उचलते. गवतात गुंडाळून, मालगाडीत घालून मला दक्षिणेला, अलाबामात पाठवले. नदीच्या वळणावरच्या मार्लो बेंड गावात, टॉलिव्हर यांच्या दुकानात, मोठ्या काचेसमोर मला बसवले. थोरले टॉलिव्हर गेल्यावर त्यांचा मुलगा ल्युशियस माझ्यामागे उभा राहू लागला. त्याचे हात इतके हलके होते की आपली दाढी झाली हे लोकांना आरशात पाहिल्यावर कळत असे.

गावात एक कॉलेज होते आणि कॉलेजचा फुटबॉलचा संघ होता. संघाचे नाव 'करडे बगळे'. नदीकाठी तसे बगळे पुष्कळ. आमच्याकडचा फुटबॉल हा नुसता पायाने खेळायचा खेळ नव्हे. त्यात चेंडू अंड्यासारखा लांबट असतो. तो हातात धरून पळायचे, दूर फेकायचे, मैदानाच्या टोकाची रेषा ओलांडून गुण मिळवायचे, आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन पाडायचे. मी आयुष्यात एकही सामना पाहिलेला नाही. खुर्चीला कोण नेणार? पण शनिवारी दुपारी दुकान रिकामे व्हायचे, रस्त्यावर ऊन एकटेच पसरलेले असायचे, आणि मैदानावरच्या बँडचे ढोल जमिनीतून येऊन माझ्या लोखंडी पायातून वर चढायचे. मग मी मनातल्या मनात एक मैदान मांडत असे. माझ्या मैदानावर नेहमी उतरती दुपार असायची. गवतावर नदीचे धुके तरंगायचे. खेळाडू पाण्याखाली चालल्यासारखे सावकाश धावायचे, आणि चेंडू एकदा वर गेला की खाली यायची घाई करत नसे.

त्या मैदानाच्या मधोमध मी एकाच मुलाला उभा करत असे. त्याचे नाव थॅडियस पेटवे. सगळे त्याला थॅड म्हणत.

थॅड संघाचा क्वार्टरबॅक होता. म्हणजे चेंडू आधी ज्याच्या हातात येतो, आणि पुढे काय करायचे ते ज्याला एका श्वासात ठरवावे लागते, तो. प्रत्येक सामन्याच्या आदल्या दिवशी तो केस कापून घ्यायला येई. त्याचे हात इतके लांब होते की माझ्या हातांवर ते मावत नसत, पुढे लोंबत राहात. डोळे मिटून तो गाणे गुणगुणायचा. उद्या सामना आहे याची त्याच्या मानेला खबरच नसायची. ती अगदी सैल असायची. तो उठून गेला की लोक मुद्दाम माझ्यावर येऊन बसत. "थॅडची जागा अजून गरम आहे," असे म्हणत. मित्रांनो, त्या काळात माझ्या पितळेच्या चकत्या आरशासारख्या लखलखत असत आणि मला थोडा गर्वही झाला होता.

थॅडच्या शेवटच्या वर्षी बगळे अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. गाव वेडे झाले. त्या शनिवारी ढोल खूप वेळ वाजत राहिले, वाढत गेले, आणि मग मध्येच थांबले. कुणीतरी दार लावून घ्यावे तसे. संध्याकाळी काचेबाहेरून माणसे मान खाली घालून गेली. आम्ही हरलो होतो, शेवटच्या रेषेच्या अगदी अलीकडे, शेवटच्या डावात.

थॅड पुढे मोठ्या व्यावसायिक संघात जाईल असे सगळ्यांना वाटले होते. एका संघाने त्याला बोलावलेही, पण गुडघा दुखावल्यावर परत पाठवले. मग तो दूर ओहायोत एका शाळेत मुलांना खेळ शिकवू लागला असे ऐकले. इकडे बगळ्यांच्या पंखातले बळ जे गेले ते गेलेच. प्रशिक्षक आले, ल्युशियसकडे दाढी करून गेले, पुढच्या वर्षी त्यांच्या जागी दुसरे आले. नवे क्वार्टरबॅक माझ्यावर बसत. चांगली मुले होती सगळी. पण प्रत्येकाची मान ताठ, कारण बाकावरून कुणीतरी पुटपुटायचेच, "हात बरा आहे, पण थॅड नव्हे." अशाने कोणाचे पाय जमिनीवर ठरणार?

दुकानातला तो बाक काचेखाली होता आणि त्यावर दोन माणसे कायमची होती. एक एझ्रा क्रेनशॉ. त्याने आयुष्यभर गावात पत्रे वाटली. दुसरे डीकन होझिया बॅटल. डीकन म्हणजे चर्चमधले मानकरी, म्हणून मीही त्यांना अहोजाहो करते. दोघांच्या मध्ये उकडलेल्या शेंगांची कागदी पिशवी, आणि दर शुक्रवारी एकच विषय.

"थॅड नसता तर या गावाचं नाव तरी कुणी ऐकलं असतं का?" एझ्रा सुरुवात करायचा.

"आणि तो गेल्यावर कुणी ऐकलं?" डीकन शेंग फोडत म्हणायचे. "एकखांबी तंबू उभारलात तुम्ही लोकांनी. सगळं एका पोराच्या मनगटावर. खांब गेला, तंबू खाली बसला. अजून आपण त्याच कापडाखाली चाचपडतोय."

"यात खांबाचा काय दोष?"

"दोष नाही? शेवटच्या डावाला उजवीकडे आपला माणूस मोकळा उभा होता. दोन्ही हात वर करून! साहेब बघतच राहिले. गर्व, दुसरं काय. मीच रेषा ओलांडणार, मीच मिरवणार."

"बघायला वेळ कुठे मिळाला त्याला? पुढची फळीच फुटली. फळी फुटली नसती ना..."

इथे दुकान एकदम शांत व्हायचे. कारण पुढच्या फळीच्या मधोमध, ओणवा होऊन दोन पायांमधून थॅडच्या हातात चेंडू देणारा, आणि मग समोरच्यांना अंगावर घेऊन अडवणारा मुलगा होता ईनॉक बॅटल. डीकनचा एकुलता एक. थॅडची बाजू घ्यायची तर ईनॉकला दोष द्यावा लागे, आणि ईनॉकला वाचवायचे तर थॅडला. ईनॉक कधीच गाव सोडून सेंट लुईसला गेला होता आणि सणावारीही क्वचित येत असे.

"एझ्रा," डीकन मग हळू, धारदार आवाजात म्हणायचे, "आयुष्यभर लोकांची पत्रं वाटलीस. स्वतःची अक्कल कुणाच्या दारात टाकून आलास रे?"

"तुझ्याच दारात टाकायला आलो होतो, डीकन. आत घेणारं कुणी सापडलं नाही."

"पुरे," ल्युशियस म्हणायचा. "या दुकानात धारेचं काम फक्त माझ्या हातात राहील."

अशी वर्षे गेली. एझ्राचे केस गेले, डीकनची दाढी पांढरी झाली, माझ्या उजव्या हाताचे कातडे उसवले. कॉलेजच्या मैदानाच्या फाटकाला थॅडचे नाव द्यायचे अशी टूम निघाली, आणि त्यावरून गावात दोन तट पडले ते पडलेच. फाटक बिचारे बिननावाचेच राहिले.

मग एका ऑक्टोबरात, शुक्रवारी दुपारी, दारावरची घंटी वाजली. आत आली ती अर्नेस्टीन पेटवे. तिच्या हाताला धरून एक उंच, वाकलेला माणूस. तिने त्याचा कोट काढला, त्याला माझ्यापाशी आणले आणि ल्युशियसला म्हणाली, "माझा भाऊ आता माझ्याकडेच राहायला आलाय. मी बाजार करून येते. तोवर याला कुठे जाऊ देऊ नका."

तो बसला. लांब हात माझ्या हातांवरून पुढे लोंबले. मित्रांनो, मी त्याला तिथेच ओळखले.

बाकावर मात्र चिडीचूप. एझ्राने टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. डीकन खिडकीबाहेर पाहू लागले.

"काय थॅड, बरा आहेस ना?" ल्युशियसने विचारले.

"बरा आहे, सर."

"यंदा थंडी लवकर पडणार म्हणतात," एझ्रा म्हणाला.

"हो. आणि नदीला मासेही चांगले लागतायत," डीकन म्हणाले. त्या दोघांचे इतक्या वर्षांत प्रथमच एकमत झाले होते.

पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी तेच. घंटी वाजायच्या आधी बाकावर नेहमीची धुमश्चक्री चाललेली असे. थॅड आत आला की पाऊस, मासे, चर्चचे गळके छप्पर. लोकांच्या मनात वाईट काही नव्हते. तोंडावर कसे बोलायचे, एवढाच संकोच. पण माझ्या हातांवर त्याची बोटे हळूहळू घट्ट होत असत. स्टेशनवर गाडीची वाट पाहणारा माणूस जसा प्रत्येक आवाजाला कान टवकारतो, तसा तो टॉवेलखाली कान देऊन पडलेला असे. दाढी संपली की बोटे सैल पडत. गाडी आलेली नसे.

एका शुक्रवारी त्याने चेहऱ्यावरचा टॉवेल स्वतःच बाजूला केला.

"तुम्ही गप्प का होता?" त्याने विचारले.

"कोण? आम्ही?" एझ्रा दचकला. "आम्ही तर बोलतोय की. मासे..."

"मी दाराबाहेर उभा असतो ना, ताई पिशव्या सावरत असते, तेव्हा सगळं ऐकू येतं. पेटवे असा, पेटवे तसा. भांडताय, हसताय. मी आत आलो की मासे. मला मासे आवडतही नाहीत."

ल्युशियसचा ब्रश साबणात तसाच राहिला.

"माझ्यासमोर भांडा," थॅड म्हणाला.

डीकन उभे राहिले. "तुझ्याच्याने ऐकवणार नाही."

"बघू या."

आणि डीकनांनी सांगितले. कित्येक वर्षे साचलेले सगळे. संघ कसा एकट्या थॅडभोवती बांधला, बाकीच्या दहा मुलांची नावे वर्तमानपत्रात कशी कधी आलीच नाहीत. शेवटच्या डावाला उजवीकडचा माणूस कसा मोकळा होता. थॅड कसा थबकला, कसा आदळला, चेंडू हातातून सुटून कसा वर उडाला आणि दुसऱ्यांच्या पदरात पडला. आणि सोमवारी गावाने खापर फोडले ते ईनॉकच्या डोक्यावर. बोलता बोलता डीकनांना धाप लागली. "माझ्या पोराच्या डोक्यावर!" ते म्हणाले आणि थांबले.

थॅड पुढे वाकून ऐकत होता. त्याचे डोळे मोठे झाले होते.

"आणि मग?" त्याने विचारले.

"मग काय? मग काय म्हणजे? तू होतास की तिथे!"

"होतो म्हणतात," थॅड म्हणाला. तो लाजल्यासारखा हसला. "मला आठवत नाही, सर. डोक्याला फार मार बसलेत माझ्या. डॉक्टर म्हणतात, एकेक पान गळणार. खेळाची वर्षं आधी गळली. गवताचा वास येतो कधीकधी, आणि पुष्कळ लोकांचा आवाज, पण माणूस एकही दिसत नाही. ताईला या खेळातलं काही कळत नाही. तुम्ही भांडता तेव्हा मला जरा जरा दिसायला लागतं. म्हणून तर मी येतो."

बाहेरून एक ट्रक गेला आणि बाटल्या किणकिणल्या.

मित्रांनो, त्या दुपारी मला एक गोष्ट कळली. त्या दुकानात तो सामना न पाहिलेले आम्ही दोघेच होतो. एक मी, आणि दुसरा तो खेळलेला माणूस. लोकांच्या शब्दांतून मी माझे धुक्याचे मैदान मांडत आले, तसे तोही मांडू पाहात होता. आणि आम्ही सगळे त्याच्यासमोर पाऊस आणि मासे मांडत होतो.

डीकन टोपी हातात घेऊन गेले. त्यांची चाल बिघडली होती. ज्या माणसावर इतकी वर्षे रागावलो त्याला काही आठवतच नाही, मग हा राग ठेवायचा कुठे?

पण पुढच्या शुक्रवारी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. थॅड टेकला तसे खाकरून म्हणाले, "हं. आपण अगदी पहिल्या सामन्यापासून घेऊ."

तेव्हापासून दर शुक्रवारी कथा सुरू झाली. डीकन सांगत, एझ्रा मध्येच तोडत असे.

"त्या दिवशी पाऊस होता."

"पाऊस कसला, दव होतं! छत्री तर तू विसरला होतास, मी नाही."

"दव असतं तर माझे बूट भिजले असते का, एझ्रा?"

थॅड एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहायचा आणि म्हणायचा, "दोन्ही सांगा. दोन्ही छान आहेत." ल्युशियस दांडा दाबे तशी मी थॅडला घेऊन हळूच वर जात असे, आणि वाटे की आम्ही दोघे दुकानाच्या छपरातून वर, त्या उतरत्या दुपारच्या मैदानाकडेच चाललो आहोत. चेंडू हवेत आहे, आणि खाली यायची त्याला अजिबात घाई नाही.

आणखी एक बदल मला जाणवला. तो बाकावर कुणाला कळला असेल असे वाटत नाही. सांगता सांगता डीकनांची कथा पालटत होती. आधी 'उजवीकडे माणूस मोकळा होता'. मग 'मोकळा होता, पण दूर होता'. मग 'दूर होता आणि मध्ये धुकं होतं, मला तरी कुठे धड दिसत होतं'.

एकदा थॅडने विचारले, "माझ्या पुढ्यात कोण होतं?"

"माझा मुलगा. ईनॉक."

"त्याला तर सगळं दिसलं असेल. तो काय सांगतो?"

डीकनांनी हातातली शेंग न फोडताच पिशवीत टाकली. "तो... तो फोनवर थंडी किती पडली ते सांगतो," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी मुलाला एकदाही विचारले नव्हते.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात ईनॉक आला. दार त्याच्या खांद्यांना अरुंद पडले. केस करडे, चेहरा बापाचाच, फक्त मवाळ. थॅडने त्याच्याशी अदबीने हात मिळवला. "भेटून बरं वाटलं, सर," तो म्हणाला.

ईनॉक त्याच्याकडे पाहात राहिला. मग त्याने ल्युशियसच्या हातातला टॉवेल घेतला, घट्ट गुंडाळला, आणि कापलेल्या केसांनी भरलेल्या फरशीवर, आपल्या चांगल्या पॅन्टची पर्वा न करता, ओणवा झाला. टॉवेल जमिनीवर टेकवून धरला.

"ऊठ थॅड," तो खालूनच म्हणाला. "माझ्या मागे ये."

माझ्यावरचे ओझे उतरले. थॅड चालत गेला, मागे उभा राहिला, किंचित वाकला, आणि त्याचे ते लांब हात आपोआप जिथे जायचे तिथे गेले. मग त्याने डाव सुरू करताना द्यायचे आकडे पुकारले. असा आवाज त्या दुकानात कधी घुमला नव्हता. काचेबाहेर चाललेली एक बाई थांबली. टॉवेल हातात आला, थॅड मागे सरला. गुडघा लंगडत होता तरी सरला. हात कानामागे गेला आणि टॉवेल सुटला. आरशांवरून, पंख्याखालून, सगळ्या बाटल्यांना चुकवत तो सरळ एझ्राच्या छातीवर जाऊन विसावला.

"धरला!" एझ्रा ओरडला. "डीकन, बघितलंस? धरला मी!" आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून तो रडू लागला.

थॅड स्वतःच्या हाताकडे पाहात होता. "हे मला येतं," तो म्हणाला.

मग ईनॉक फरशीवरच बसला, माझ्या पायाला पाठ टेकून. त्याचा श्वास मला लोखंडातून जाणवत होता.

"तो शेवटचा डाव," डीकन म्हणाले. "सांग याला. फळी का फुटली? हा कुठे बघत होता?"

"ते नाही आठवत, पप्पा. सगळं इतकं पटकन झालं. त्याच्या आधीचं आठवतं. आम्ही घोळका करून उभे होतो, डोकी एकत्र लावून. पाय थरथरत होते सगळ्यांचे. आणि या गड्याने एक विनोद सांगितला."

"विनोद?"

"असा विनोद, की आम्ही अकराही जण हसत हसत रांगेत गेलो. मला चेंडू धरवत नव्हता हसून. समोरच्यांना वाटलं, यांना वेड लागलं."

डीकन हळूच बाकावर टेकले. "मी इतकी वर्षं तुमच्यासाठी भांडलो," ते म्हणाले, "आणि तुम्ही हसत होतात?"

"कोणता विनोद?" थॅडने उत्सुकतेने विचारले.

"विसरलो रे," ईनॉक म्हणाला. "इतका आनंद पुन्हा झाला नाही, एवढं मात्र लक्षात आहे. मग हरलो. रडलो. सोमवारी वर्गात गेलो. लोकांनी आठ दिवस बोटं दाखवली आणि सोडून दिलं." त्याने पॅन्टवरचे केस झटकले. "पप्पा, लोक केव्हाच विसरले होते. तुम्ही दर शुक्रवारी त्यांना आठवण करून द्यायचात. मला वाचवायला म्हणून. मी कुठेही गेलो की, 'हा तो फळीवाला, याचा बाप अजून भांडतो.' म्हणून मी लांब गेलो. हरल्यामुळे नाही."

"मी तुझी बाजू मांडत होतो," डीकन म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता.

"माहीत आहे मला."

ल्युशियसने माझ्या पाठीवर थोपटले. "डीकन, या. बसा. दाढी वाढलीय तुमची." डीकन माझ्यावर बसले. टॉवेलखाली त्यांचे खांदे हलत होते. ईनॉक उठला आणि दाढी होईपर्यंत बापाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. त्यानंतर तो दर सणाला येऊ लागला. बगळे म्हणाल तर त्या वर्षीही हरले. पुढच्याही.

मित्रांनो, पुढे ल्युशियसचे हात थरथरू लागले आणि दुकान त्याची मुलगी कोरा पाहू लागली. तिने नव्या, हलक्या, बटणावर वरखाली होणाऱ्या खुर्च्या आणल्या. कोरा वाईट नाही. पण मी आता मागच्या खोलीत आहे. माझ्या मांडीवर खोकी असतात, पोटातले तेल गळून गेले आहे, उसवलेल्या हातात उंदराने कापूस उकरला आहे. दुपारी तिथे एक तिरपी उन्हाची पट्टी येते आणि मला झोपेसारखे काहीतरी लागते. त्या झोपेत थॅडचा माझ्यावरचा शेवटचा शुक्रवार पुन्हा पुन्हा येतो.

तेव्हा वसंत होता. दाराबाहेर कुंपणावरच्या वेलीला फुले आली होती आणि त्यांचा गोड वास आत येत होता. थॅडला आता ल्युशियसचे नाव आठवत नसे. ताईला तो 'मॅम' म्हणू लागला होता. डीकन आणि एझ्रा नेहमीप्रमाणे सांगत होते, पाऊस होता की दव होते यावर हमरीतुमरीवर आले होते. थॅड मान टेकून, डोळे मिटून ऐकत होता. त्याची मान सैल होती.

मध्येच त्याने विचारले, "हा थॅड पेटवे कोण?"

"होता एक पोरगा," डीकन म्हणाले. "चेंडू फेकायचा."

"चांगला होता का?"

आता सगळे दुकान डीकनांकडे पाहू लागले. आयुष्यभर ज्या प्रश्नावर ते भांडले तो प्रश्न त्यांना असा सरळ कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, तिची कड बोटांनी नीट केली.

"चुकायचा," ते म्हणाले. "कधीकधी फार चुकायचा. पण त्याच्या हातून चेंडू सुटला ना, की पुढे बसलेल्या बायका पंख्याने वारा घ्यायच्या थांबायच्या. असा चेंडू मी पुन्हा कधी पाहिला नाही. हो, बाळा. चांगला होता."

थॅड डोळे न उघडताच हसला.

"मला बघायला मिळायला हवा होता," तो म्हणाला.

मित्रांनो, जुनी खुर्ची फार काही मागत नाही. कुणी खोकी उचलली, उसवले आहे तिथे दोन टाके घातले, तर बरे वाटेल. नाही घातले तरी मी उन्हाच्या पट्टीत पडून राहीन. पण तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत एखाद्या माणसाचे एकेक पान गळत असेल, तर तो खोलीत आला म्हणून विषय बदलू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याची गोष्ट त्याला सांगा. चुकीची सांगाल, एकमेकांना खोडाल, भांडाल, तरी चालेल. तो उद्या पुन्हा विचारेल. तुम्ही पुन्हा सांगा.